मीटर कुणाच्या नावावर, शॉक कुणाला?

(दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग इथं बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय 'घरातली वीज' आहे असं कळल्यावर तुमच्यातल्या दोघीतिघी मला म्हणाल्या, "ताई, हे बाप्यांचं काम. तुम्ही आपलं कायद्यावर बोला, मारहाणीवर बोला." त्या गोष्टीही येणार आहेत. पण आज त्या मीटरच्या वाटेनं येतील.

आधी एक विचारते. आपल्या घरातला मेन स्विच कुठं आहे हे किती जणींना माहीत आहे? हात वर करा. छान, जवळजवळ सगळ्यांना माहीत आहे. आता स्टूल किंवा डबा न घेता तो किती जणींच्या हाताला लागतो? बघा, निम्मे हात खाली आले. मीटर आणि मेन स्विच दाराच्या वरच्या अंगाला बसतो, कारण बसवणारा उंच असतो आणि लहान मुलांचा हात पोचू नये हेही खरं. पण दिवसाचे चौदा तास त्या घरात कोण असतं, घाईच्या वेळी तो बंद करायला कुणाला धावावं लागेल, हा विचार बसवताना कुणी केलेला नसतो. स्वयंपाकघरातला ओटा बाईच्या उंचीचा नसतो, तसंच हे.

महामारीच्या दोन वर्षांनी ही गोष्ट फार उघडी पाडली. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्यांना एकच सांगणं होतं, घरात बसा. घर म्हणजे सुरक्षित जागा, असं त्यात गृहीत धरलेलं होतं. बायकांच्या दृष्टीनं हे गृहीत किती पोकळ आहे ते लगेच कळलं. घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्याचं राष्ट्रीय महिला आयोगानं पहिल्या काही आठवड्यांतच सांगितलं. त्यावर लेख आले, चर्चा झाल्या. घर आणखी एका कारणानं धोक्याचं झालं होतं, त्यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

आठवून पाहा. शाळा बंद, शहरातले कारखाने बंद, माणसं घरात. आपल्याकडे मार्च ते मे म्हणजे नुसती भट्टी, पारा चाळिशीच्या वर. पत्र्याच्या एका खोलीत पाच-सहा माणसं दिवसभर बसलेली, म्हणून पंखा दिवसभर, ज्यांच्याकडे कूलर त्यांचा कूलर दिवसभर. जूनपासून मुलांची शाळा मोबाइलवर आली, म्हणून एका पिनेला तीन चार्जर. मुलगी चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात धरून तास ऐकायची, कारण बॅटरी अर्ध्या तासात उतरायची. तेच घर शाळा झालं, वाकळ शिवायचं किंवा विडी वळायचं ठिकाण तर ते आधीपासून होतंच, आणि पुढच्या वर्षी दवाखानाही झालं.

हा सगळा भार ज्या वायरवर पडला ती वायर कशासाठी टाकली होती? २०१७ साली केंद्र सरकारनं सौभाग्य योजना आणली. ज्या गरीब घरात वीज नव्हती तिथं जोडणी, एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट एवढी आतली जोडणी त्यात मिळाली. घरात उजेड आला ही मोठी गोष्ट, मी ती कमी लेखत नाही. पण एक दिवा आणि एक चार्जर यांच्यासाठी केलेल्या जोडणीवर पुढं आपण पंखा लावला, मिक्सर लावला, मुलीच्या लग्नात आलेली इस्त्री लावली, सेकंडहँड कूलर लावला. वायर तीच राहिली. जोड दिला तिथं चिकटपट्टी गुंडाळली, उन्हाळ्यात तिचा गोंद सुटला. पत्र्याच्या घरात तर वायर पत्र्याच्या कडेवरून जाते. वाऱ्यानं पत्रा हलतो आणि वायरचं कातडं रोज थोडं थोडं घासतं. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं आणि सगळी भिंत 'जिवंत' होते. त्याच भिंतीला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात अपघाती मृत्यूंची नोंद असते. विजेच्या धक्क्यानं मेलेल्यांचा देशाचा आकडा २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षी बारा हजारांच्या वर आहे. यात शेतातली मोटार, रस्त्यावर तुटलेली तार, कारखाना, घर हे सगळं आलं. मला त्यातलं घर दिसतं, कारण कामावर जाणारा माणूस मेला तर निदान युनियन विचारते, कंत्राटदाराच्या दारात चार माणसं जातात. कूलरमध्ये पाणी ओतताना मेलेल्या बाईबद्दल लोक म्हणतात, तिचं भरलं होतं.

तिचं भरलं नव्हतं. काय झालं ते समजून घेऊ. गणित आहे, पण बचत गटाचं व्याज काढणाऱ्या बायकांना हे काहीच नाही.

विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. एका अँपिअरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे मिली-अँपिअर. दहाच्या आसपास मिली-अँपिअर अंगातून गेले की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. आपण म्हणतो 'चिकटली', ते हेच. तीसच्या पुढं जिवाला धोका, आणि पन्नास ते शंभर मिली-अँपिअर छातीतून गेले तर हृदयाचा ठोका बिघडून माणूस जाऊ शकतो. आता जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब आठवा. तो साधारण ४३० मिली-अँपिअर खातो. म्हणजे एका बल्बला लागते त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी वीज माणसाला मारायला पुरते. कोरड्या हाताची कातडी विजेला बरीच अडवते. ओल्या हाताची अडवत नाही. आणि घरात हात कुणाचे ओले असतात, पाय कुणाचे अनवाणी, फरशी पुसलेली असताना तिच्यावर कोण उभं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

"पण फ्यूज आहे की," असं बरेच जण म्हणतात. घरातला साधा फ्यूज पाच अँपिअरचा, म्हणजे पाच हजार मिली-अँपिअरचा. तुमच्या अंगातून शंभर गेले तर त्याला पत्ताही लागत नाही. फ्यूज आणि नवी एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात. त्या वायरच्या राखणदार आहेत, तुमच्या नव्हे. आणि तो फ्यूजही आपण नीट ठेवत नाही. उडाला की मोठ्या वायरीतली तांब्याची जाड तार घालतो, म्हणजे पुन्हा उडायला नको! मग घर पेटेपर्यंत तो उडत नाही.

माणसाची राखण करणाऱ्या गोष्टी दोन आहेत. एक अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते, ती अर्थिंगची. लांब अशासाठी की प्लग खोचताना ती सगळ्यांच्या आधी टेकावी आणि काढताना सगळ्यांच्या शेवटी सुटावी. कूलरच्या किंवा फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली तर ती तुमच्या अंगातून जाण्याऐवजी या वाटेनं जमिनीत जाते. आपल्याकडे दुकानातून आणल्या आणल्या ही पिन तोडायची पद्धत आहे, कारण भिंतीवरचा बोर्ड दोन भोकांचा. किंवा तीन भोकांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या भोकामागे हिरवी वायरच नसते. ती आहे का, हे वायरमनला उघडून दाखवायला सांगा. "आहे हो ताई" यावर भागवू नका. ज्यांच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे त्यांनी उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जावं. मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडला की त्याचं काम मंदावतं आणि आपल्या भागातली जमीन मे महिन्यात किती कोरडी असते ते आपल्याला माहीत आहे. भांडी घासलेलं पाणी चालेल, टँकरचं ओतायला नको.

दुसरी वस्तू मेन स्विचजवळ बसते. तिला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती सारखी तोलत असते. तीस मिली-अँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठंतरी भलत्याच वाटेनं, कदाचित तुमच्या अंगातून, जात आहे असं दिसलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडते. घेताना 'तीस मिली-अँपिअर' हे त्यावर छापलेलं बघून घ्या. तिच्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं. दाबल्यावर लाईट गेली पाहिजे. किंमत दोन हजारांच्या आसपास. महाग आहे, मान्य. पण आपल्या गटातून शिलाई मशीनला कर्ज देतो, म्हशीला देतो. याला द्यायला ठरावात कुठं अडतं? परतफेड होणार नाही असं एक काका मला एका बैठकीत म्हणाले. लग्नाच्या मंडपासाठी काढलेल्या कर्जातून कुठलं उत्पन्न येतं, हे त्यांना विचारायचं राहिलं.

कूलरचं पुन्हा एकदा सांगते, कारण उन्हाळा येतो आणि हे विसरतं. पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद करू नका, पिन काढा. पुष्कळ बोर्डांत बटण चुकीच्या वायरवर बसवलेलं असतं. मग बटण बंद असलं तरी कूलरच्या मोटारीपर्यंत वीज आलेलीच असते. पाणी तापवायच्या हीटरच्या कांडीचंही तसंच. पाण्यात बोट घालून गरम झालं का बघायचं असेल तर आधी पिन काढायची. नळाला लावायची मोटार हा तर वेगळाच विषय आहे. पाणी आठवड्यातून कधी येईल तेव्हा बाईनं अंधारात, चिखलात उभं राहून मोटारीच्या उघड्या वायरी बोर्डात काड्या खोचून बसवायच्या. पाणीपुरवठ्याची ढिलाई शेवटी बाईच्या ओल्या हातावर येऊन थांबते.

आता दवाखाना झालेल्या घराकडे येऊ. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये खेड्यापाड्यांत रुग्ण घरीच होते. घरोघरी वाफ घेण्याची मशीन आली. ती स्वस्त, प्लास्टिकची, आणि उकळत्या पाण्याची. एका हातानं सासऱ्यांना पांघरूण धरायचं, दुसऱ्या हातानं ते भांडं सावरायचं. सॅनिटायझर घरात आलं, त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं, हे लक्षात घेऊन चूल पेटवायच्या आधी हात पाण्यानं धुवायचे, हे फार थोड्यांनी सांगितलं. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवायचं आवाहन झालं तेव्हा मात्र 'सॅनिटायझर लावून दिवा पेटवू नका' असा इशारा सरकारी पातळीवरून आला होता. त्या नऊ मिनिटांची काळजी सगळ्यांनी घेतली. देशाची विजेची मागणी एकदम तीस हजार मेगावॅटहून जास्त घसरली, ग्रीड सांभाळायला अभियंते रात्रभर बसले, आपले तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सगळे दिवे एकदम घालवू नका अशी विनंती केली. ग्रीड सांभाळलं गेलं, चांगलं झालं. चुलीपुढं तर बाई रोज दोनदा बसते.

काही घरांत ऑक्सिजनची मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, आली. अजूनही दम्याच्या, फुप्फुसाच्या रुग्णांकडे ती असतात, म्हणून सांगते. पाच लिटरची मशीन साधारण तीनशे-साडेतीनशे वॅटची असते. ती भिंतीतल्या स्वतंत्र, अर्थिंग असलेल्या बोर्डालाच लावायची. कूलर आणि तिचा बोर्ड एक नको. ती विजेवरच चालते, लाईट गेली की हवा थांबते. म्हणून इन्व्हर्टर किंवा भरलेलं सिलिंडर जवळ हवं, आणि घरात असा रुग्ण आहे हे गावच्या लाईनमनला आधी सांगून ठेवावं. देखभालीसाठी लाईट बंद करायची असेल तर तो तुम्हाला कळवू तरी शकेल. या मशीनपाशी निरांजन नको, उदबत्ती नको, कुणी विडी ओढायची नाही. ऑक्सिजननं भिजलेली चादर ठिणगीनं भडकते.

रुग्णालयांत काय झालं ते आपण पाहिलंय. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, डझनाहून जास्त रुग्ण गेले. नोव्हेंबरात तेव्हाच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात कोविड कक्षाला आग लागली. भंडारा-नगरनंतर परिचारिकांवर कारवाई झाली. वायरिंग तपासणं हे काम परिचारिकेचं कधीपासून झालं, असा प्रश्न त्यांच्या संघटनांनी केला तो बरोबरच होता. घरातही असंच असतं. आग लागली की पहिला प्रश्न, "तू काय करत होतीस?"

कुणाला शॉक बसलाच तर? हातानं ओढायचं नाही, तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच. तो लागत नसेल तर कोरडी काठी, लाकडी पाट, वेळणं, जे कोरडं असेल त्यानं वायर दूर ढकला. लोखंडी झारा नको, ओला टॉवेल नको. माणूस वाळूत किंवा चिखलात पुरायचा, म्हणजे वीज उतरते, असं आपल्याकडे म्हणतात. ते पूर्ण चूक आहे, त्यात जीव वाचवायची वेळ जाते. वायर सुटल्यावर अंगात वीज राहत नाही. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावायला एकीला सांगा आणि दुसरीनं छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात, भराभर दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. परक्या पुरुषाच्या छातीवर हात कसा ठेवायचा, असं इथल्या एका सूनबाईंनी मघाशी हळूच विचारलं. ठेवायचा. तोंडावर पदर धरून बघत उभं राहण्यापेक्षा ते हजारपट चांगलं.

आता बिलाकडे. २०२० च्या जूनमध्ये जे बिल आलं ते कुणी विसरलं नसेल. टाळेबंदीत रीडिंग घ्यायला माणूस फिरला नाही, म्हणून आधीच्या महिन्यांची सरासरी काढून बिलं पाठवली. ती सरासरी थंडीच्या महिन्यांची, म्हणून बिल कमी आलं. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि उन्हाळ्याचे तिन्ही महिने एकदम अंगावर आले. त्यातच १ एप्रिल २०२० पासून नवे दर लागू झाले होते. युनिटं तीन महिन्यांत वाटून दर लावलेत, हप्ते पाडून देतो, असं महावितरणनं सांगितलं. पण ज्या घरात तीन महिने मजुरी नव्हती तिथं ते समजून घ्यायला डोकं कुणाचं ठिकाणावर होतं? सवलत मिळेल अशी आशा सरकारनं दाखवली आणि नोव्हेंबरात सांगितलं की वापरलेल्या विजेचे पैसे भरावे लागतील. मार्च २०२१ च्या २ तारखेला विधानसभेत जोडण्या तोडायला स्थगिती जाहीर झाली, १० तारखेला ती उठली.

हे वर्तमानपत्रात आलं. घरात काय झालं ते आलं नाही. बिल हातात पडल्यावर, "दिवसभर पंखा लावून बसायला हवं तुला," हे ऐकून घेतलं नाही अशी बाई मला त्या वर्षी विरळाच भेटली. मोबाइलवर शाळा मुलांची, कूलर सगळ्यांचा, टीव्ही त्याचा, आणि वीज 'तिनं' जाळली! एकीनं तर मला सांगितलं की नवऱ्यानं बिलाच्या रकमेवरून हात उचलला, तेव्हापासून ती दुपारी पंखा बंद करून दारात बसते. विजेचा दर नियामक आयोग ठरवतो, पण तिच्या घरात त्याची वसुली अशी झाली.

म्हणून बिल वाचायला शिका. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि बिलावरच्या 'चालू रीडिंग'शी ताडून बघा. कायदाही थोडा लक्षात ठेवा. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं की पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी जोडणी तोडता येत नाही. बिल चुकीचं वाटत असेल तर हरकत नोंदवून मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी किंवा मागितलेली, यातली जी कमी असेल ती रक्कम भरायची. वाद मिटेपर्यंत मग तोडता येत नाही. तोंडी आलेल्या माणसाला एवढं कलम सांगितलं तरी तो जरा थबकतो.

आणि आता ते नाव. बिलावर नाव कुणाचं आहे? सासऱ्यांचं, नवऱ्याचं. काही घरांत सासरे जाऊन वीस वर्षं झाली तरी बिल त्यांनाच येतं. एरवी यानं काही अडत नाही. अडतं ते माणूस गेल्यावर, नाहीतर बिनसल्यावर. २०२१ च्या लाटेनंतर आमच्याकडे आलेल्या एका बाईचं सांगते. नवरा कोविडनं गेला. दोन मुलं. घर एकत्र, मीटर सासऱ्यांच्या नावावर. दिवसकार्य झाल्यावर महिनाभरात दिराला वाटलं की हिनं माहेरी जावं. 'जा' असं कुणी म्हणालं नाही. तिच्या खोलीकडे जाणाऱ्या वायरीचा फ्यूज काढून खिशात घातला, इतकंच. मुलांचा अभ्यास मोबाइलवर, मोबाइल चार्ज होईना, रात्री अंधार, त्यात डास. बाई पोलीस चौकीत गेली तर तिथं म्हणाले, "फ्यूज काढला याची तक्रार घ्यायची का आम्ही?"

घ्यायची. २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक अत्याचाराची व्याख्या दिलेली आहे. घरातल्या ज्या सोयी वापरायचा बाईला हक्क आहे त्यांपासून तिला तोडणं हे त्यात बसतं. राहत्या घरात राहण्याचा हक्क तर त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, घर नावावर असो नसो. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. या बाईला आदेश मिळायला वेळ लागला, पण अर्जाची प्रत घरी पोचल्यावर फ्यूज तिसऱ्या दिवशी जागेवर आला.

याहून पक्की वाट म्हणजे स्वतःच्या नावावर जोडणी. वीज कायद्याचं कलम ४३ म्हणतं की जागेच्या मालकानं 'किंवा तिथं राहणाऱ्यानं' मागितली तर जोडणी द्यायची. राहणाऱ्यानं, हा शब्द आपल्यासाठी सोन्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयानंही मे २०२२ मध्ये एका भाडेकरूच्या प्रकरणात सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालकानं ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून ती नाकारता येत नाही. वारसानं नाव बदलायचा अर्ज वेगळा असतो, तोही करा. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात. जिचा नवरा धडधाकट आहे तिनंही घरी बोलून दोघांचं नाव लागतं का ते बघायला हरकत नाही. वळसंगला हे वेगळं सांगायला नको. याच गावात दलितांनी पाण्यासाठी स्वतः खोदलेल्या विहिरीतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी काढलं होतं. दुसऱ्याच्या मर्जीवरची सोय आणि आपल्या हक्काची सोय यातला फरक या गावाला ठाऊक आहे.

सेवेबद्दल थोडं. मीटरपर्यंतची लाईन कंपनीची, मीटरनंतरची आपली, ही वाटणी लक्षात ठेवा. खांबावरची तार लोंबत असेल, डीपीची पेटी उघडी असेल, तर ती दुरुस्त करणं कंपनीचं काम आहे, त्यासाठी गावानं वर्गणी काढायची नाही. कोणता बिघाड किती तासांत दुरुस्त व्हायला हवा हे वीज नियामक आयोगानं ठरवून दिलेलं आहे आणि मुदत चुकली तर ग्राहकाला भरपाई मिळते. पण त्यासाठी तक्रार नोंदलेली लागते. लाईनमनला रस्त्यात गाठून "भाऊ, बघा जरा" म्हटलं ती नोंद होत नाही. १९१२ ला फोन लावायचा आणि तक्रारीचा क्रमांक घ्यायचा. त्यानं भागलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडून होते. कुणी दगावलं तर घाईनं सगळं उरकण्याआधी पोलीस पंचनामा आणि ही चौकशी होऊ द्या. भरपाईचा दावा त्यावरच उभा राहतो.

लाईनमनबद्दल मला राग नाही. टाळेबंदीत सगळे दारं लावून बसले होते तेव्हा ही माणसं खांबावर होती, त्यांच्यातलेही कितीतरी कोविडनं गेले. आणि आता ती सगळी 'मॅन' राहिलेली नाहीत. बीड जिल्ह्यातल्या महावितरणच्या तंत्रज्ञ उषा जगदाळे सरसर खांबावर चढतात हे २०२० मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिलं. आयटीआयला वायरमनच्या वर्गात आपल्या मुली घाला. बाईच्या घरात दुपारी वायर तपासायला बाई आली तर ती मोकळेपणानं दाखवेल की कुठल्या बोर्डाला हात लागला की झिणझिण्या येतात. पुरुष वायरमनला ती हे सांगत नाही, आणि तोही तिला विचारत नाही.

शेवटी मागे बसलेल्या आक्कांचा प्रश्न. त्या म्हणतात, रात्री डीपीवरचा फ्यूज उडाला की गल्लीतली पोरं चढून टाकतात, कंपनीचा माणूस सकाळपर्यंत येत नाही, मग काय अंधारात मरायचं? आक्का, डीपीच्या वरच्या बाजूला अकरा हजार व्होल्ट असतात. तिथं हातही लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. खालचा फ्यूज काढलेला असला तरी वरची बाजू चालूच असते. पोरगा चढतो तेव्हा खाली मोबाइलची बॅटरी लावून उजेड धरणारी तुमच्यातलीच कुणीतरी असते, हे मी पाहिलंय. तो उजेड धरू नका. त्याच मोबाइलवरून १९१२ लावा, क्रमांक लिहून घ्या, आणि सकाळपर्यंत कुणी आलं नाही तर चार-पाच जणी मिळून कचेरीत जाऊन लेखी तक्रार द्या. तिच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.